डिस्क मोठी करण्याआधी: नातीला दिलेले कानमंत्र

पोरी,

परवा तुझी एमजीबी बघितली. १९७२ ची गाडी, क्रोमचा बंपर, दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज. मन भरून आलं. मग तू विचारलंस, "आजोबा, ईस्टरच्या सुट्टीत पुढे मोठ्या डिस्क बसवायच्यात. किट मागवू का?" मी लगेच हो म्हटलं नाही. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला जुनं तेच सोनं वाटतं. तसं नाही. मोठ्या डिस्क मी स्वतः बसवल्यात आणि त्यांचं सुखही घेतलंय. पण ब्रेकचं काम तोंडी सांगण्यासारखं नसतं, म्हणून लिहून देतो. पुण्याच्या गॅरेजात सुरुवात करून पुढे कॉव्हेंट्रीत आयुष्यभर हेच काम केलं. त्यातून हाताला जे कळलं ते या कागदावर आहे. गॅरेजच्या भिंतीला चिकटवून ठेव.

आधी जुना ब्रेक बरा कर

लेक डिस्ट्रिक्टमधली हार्डनॉट खिंड तुला माहीत आहे. तीन फुटांना एक फूट असा तिचा चढ. सत्तरच्या दशकात माझ्याकडेही एमजीबी होती. तुझी आजी शेजारी बसलेली, आम्ही एस्कडेलच्या बाजूला उतरत होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल पायाखाली स्पंजासारखं दबलं. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला टेकलं. हँडब्रेक ओढत आणि पहिला गिअर टाकत कशीबशी गाडी उभी केली. आजीने एक शब्द काढला नाही, नुसता माझा हात धरून ठेवला.

घरी आलो तो मोठ्या डिस्क घ्यायच्या असं ठरवूनच. पैसे जमेपर्यंत म्हणून जुन्याच ब्रेकची देखभाल केली. ब्रेक ऑइल काढलं तर चहासारखं काळं. रबरी होज आतून फुगलेले. तेच दोन्ही बदलले, नवे पॅड टाकले आणि पुढच्या वर्षी त्याच खिंडीतून त्याच डिस्कवर उतरलो. पेडल जागचं हललं नाही.

कारण समजून घे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफ होते. वाफ दबते, ऑइल दबत नाही. त्या दिवशी माझा पाय वाफ दाबत होता. डिस्क कितीही मोठी असती तरी ते ऑइल कधीतरी दगा देणारच होतं.

तेव्हा आधी ऑइल बदल आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहा. तिन्ही होज नवे घाल. जुना होज आतून सुजला की ऑइल जातं पण परत येत नाही, आणि कॅलिपर धरून बसतो. मागचे ड्रम उघडून बघ. अ‍ॅक्सलचं सील गळत असेल तर लायनर तेलाने माखलेले असतील, आणि तेलकट लायनर धुऊन कधीच बरे होत नाहीत. ते बदल. ड्रमच्या पाठीमागे चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर आहे, तो चाक अडेपर्यंत फिरव आणि चाक मोकळं होईल इतकाच सोड. नुसत्या एवढ्यानेही पेडल कितीतरी वर येतं.

एवढं करून महिनाभर गाडी चालव. मग मला सांग, मोठी डिस्क हवी आहे का.

मोठी डिस्क कशासाठी, हे आधी ठरव

गाडीला शेवटी थांबवतं ते टायर. जुन्या ब्रेकनेच तुझं पुढचं चाक लॉक होत असेल, तर मोठी डिस्क बसवून गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. मग तिचा उपयोग काय? ती उष्णता पचवते.

हिशेब करून बघ. तू आणि गाडी मिळून १,००० किलो धरू. ताशी ११० किलोमीटरवरून गाडी उभी केलीस की जी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्यात नळाचं सुमारे १.४ लिटर पाणी उकळेल. म्हणजे चहाची किटली भरून आधण. फरक एवढाच, की किटलीला काही मिनिटं लागतात आणि इथे ते सगळं चार-पाच सेकंदांत होतं. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. तुझ्या डिस्कचं कडं सुमारे ९ मिलिमीटर जाड आहे. माझ्या हिशेबाने एका जोरदार ब्रेकमध्ये ते सुमारे दीडशे अंशांनी तापतं. थंड व्हायला वेळ मिळाला तर काहीच बिघडत नाही. पण लगेच दुसरा, मग तिसरा ब्रेक मारलास तर?

मॅलरी पार्कच्या ट्रॅकवर मी हे पाहिलंय. तिथे एक अगदी आवळलेलं वळण आहे, दर फेरीला वेग थेट पायी चालण्याच्या जवळ आणावा लागतो. पाच-सहा फेऱ्यांनंतर चाकातून धूर यायचा, पेडल दगडासारखं कडक आणि गाडी मात्र पुढेच जायची. ऑइल उकळलं की पेडल मऊ होतं. पॅड भाजला की पेडल कडक राहतं पण पकड जाते. या दोन खुणा आयुष्यभर लक्षात ठेव. दुसऱ्या दुखण्यावर मोठी, हवेशीर डिस्क हाच खरा उपाय. २२ मिलिमीटरच्या व्हेंटेड डिस्कमध्ये लोखंड जवळपास दुप्पट, म्हणून तापणं जवळपास निम्मं, आणि मधल्या पोकळीतून वारा खेळतो.

आपल्या कॉव्हेंट्रीच्या जॅग्वारने १९५३ साली ल माँची शर्यत डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. इतरांचे ड्रम तापून मंद होत असताना ते चोवीस तास वळणापाशी उशिरा ब्रेक मारू शकले. त्यांना जिंकवलं ते ब्रेकच्या दमाने.

तू ट्रॅकवर जाणार आहेस, वेल्सच्या डोंगरात सामान भरून फिरणार आहेस, असं म्हणालीस. मग तुझी गरज खरी आहे. पुढे वाच.

पुढचं वाढवलंस की मागचं बघ

किट विकणारा फक्त पुढचं बोलतो. वहीत आकडे मांडायची सवय लाव. तुझ्या जुन्या कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन, व्यास सुमारे ५४ मिलिमीटर. एका बाजूचं क्षेत्रफळ २,२९० चौरस मिलिमीटर. नव्या कॅलिपरला एका बाजूला ३८ चे दोन पिस्टन असतील तर क्षेत्रफळ २,२६८, म्हणजे होतं तेवढंच. पण ४५ चे दोन असतील तर ३,१८१. थेट ३९ टक्के जास्त! त्यात डिस्क मोठी झाल्याने पॅडची पकड मध्यापासून ११२ ऐवजी १२५ मिलिमीटरवर गेली तर आणखी १२ टक्के. दोन्हींचा गुणाकार केलास तर पुढचा ब्रेक दीडपटीहून जड झाला. मागचा ड्रम आहे तिथेच.

मग काय होतं? पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागची नुसती फिरत राहतात. गाडी थांबायला उलट जास्त जागा घेते आणि चाक लॉक असताना स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. तुझ्या गाडीला एबीएस नाही, हे विसरू नकोस.

इथे बरेच जण एक चूक करतात. मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवतात आणि समतोल साधला असं समजतात. तो व्हॉल्व्ह मागचा दाब फक्त कमी करतो, वाढवत नाही. तुझं दुखणं मागे कमी पडण्याचं असेल तर तो आगीत तेल ओतेल. सोपा मार्ग हा, की डिस्क मोठी घे पण पिस्टनचं क्षेत्रफळ जुन्याच्या जवळपास ठेव. उष्णता पचवण्याची ताकद मिळते आणि समतोल फारसा ढळत नाही.

पिस्टनचा आणखी एक परिणाम पायाला कळतो. क्षेत्रफळ वाढलं की जास्त ऑइल ढकलावं लागतं, म्हणून पेडल खोल जातं. मोठा मास्टर सिलिंडर घातलास तर पेडल वर येईल, पण पायाला जोर जास्त लागेल. एकीकडे मिळतं ते दुसरीकडे द्यावं लागतं.

आणि बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरमधून किती नळ्या निघतात ते बघ. एकच असेल तर सर्किट एकेरी आहे. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. १९६८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबींना दुहेरी सर्किट देऊ लागले ते याचसाठी. डिस्कवर पैसे घालण्याआधी हा बदल करता आला तर मला जास्त समाधान वाटेल.

चाकात मावतं का, ते कणकेला विचार

किटच्या कागदावर लिहिलेलं असतं, १४ इंची चाकात बसेल. कुणाच्या १४ इंची चाकात? प्रत्येक चाकाची आतली गोलाई वेगळी. आधी विक्रेत्याकडून कॅलिपरचा पूर्ण मापाचा नकाशा मागव, पुठ्ठ्यावर काप आणि चाकात धरून बघ.

सुटे भाग आल्यावर खरी परीक्षा घे. पोळ्यांची कणीक भिजवलेली असेलच. त्यातले सुपारीएवढे गोळे घे. कॅलिपरवर चाकाच्या आऱ्यांजवळ येतील अशा जागी तीन-चार ठिकाणी चिकटव. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचं बोट फिरव, म्हणजे कणीक तिकडे चिकटणार नाही. चाक बसव, नट आवळ आणि हाताने एक पूर्ण फेरा सावकाश फिरव. चाक काढ आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोज. सगळ्यांत पातळ जागी ३ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर ते चाक चालणार नाही. चाकाला आतून चिकटवलेली बॅलन्सची वजनंही या मापात धर. माझ्या ओळखीत एकाच्या कॅलिपरने ती सगळी वजनं खरवडून काढली होती आणि तो आठवडाभर स्टिअरिंग का थरथरतं ते शोधत होता.

दुसरी गोष्ट डिस्कच्या घडणीची. तुझ्या गाडीत डिस्क हबच्या पाठीमागे बोल्टने घट्ट बसते. आजच्या गाड्यांत ती टोपीसारखी हबवर पुढून सरकते आणि चाक तिला दाबून धरतं. अशी डिस्क जुन्या हबवर बसवलीस तर टोपीची जाडी चाक आणि हब यांच्या मध्ये येते. चाक तेवढं बाहेर सरकतं आणि चाकाचे स्टड तेवढेच आखूड पडतात. नट किमान स्टडच्या जाडीएवढा तरी फिरला पाहिजे. फेरे मोजून बघ. डिस्कचं मधलं भोकही हबच्या गोलाईवर नेमकं बसायला हवं. ते ढिलं असेल तर नुसत्या स्टडच्या भरवशावर डिस्क ठेवू नकोस, लेथवर रिंग करून घे.

बसवताना हात सावकाश चालव

जुना लायनर, जुने पॅड यांची धूळ हवेच्या पाइपने उडवू नकोस. त्या काळच्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. गाडी नुसत्या जॅकवर कधीही नको, खाली स्टँड हवेतच.

हब काढलास की बेअरिंगच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर आणि पातळ शिम निघतील. काही जण ते फेकून आजच्या पद्धतीने नट आवळतात. तू तसं करू नकोस. त्या स्पेसरमुळे स्टब अ‍ॅक्सलला मजबुती येते. सगळं ओळीने कागदावर मांडून ठेव. परत बसवताना हबला आत-बाहेर ०.०५ ते ०.१० मिलिमीटर खेळ राहिला पाहिजे. तो डायल गेजवर मोजायचा. हाताच्या अंदाजावर सोडायचा नाही.

हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत कर. गंजाचा एक पापुद्रा खाली राहिला तर डिस्क तिरकी बसते. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पूस. मग डायल गेज डिस्कच्या कडेला लाव आणि एक फेरा फिरव. काटा ०.१ मिलिमीटरच्या आत हलला तर ठीक. जास्त हलला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसव आणि पुन्हा मोज. हे पंधरा मिनिटांचं काम टाळलंस तर हजार-दोन हजार मैलांनी पेडल पायाखाली धडधडायला लागेल आणि तू डिस्कला दोष देशील.

व्हेंटेड डिस्कच्या आतल्या पाकळ्या वाकड्या असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. पंख्यासारखी ती मधून हवा ओढते आणि कडेने फेकते. गाडी पुढे जाताना पाकळ्यांची बाहेरची टोकं मागे झुकलेली दिसली पाहिजेत. उलट बसवलीस तर वारा खेळणार नाही.

कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर यायला हवा. दोन्ही बाजूंचं अंतर मोज, फरक असेल तर ब्रॅकेटखाली शिम घाल. आणि ब्लीड निपल वरच्या बाजूला आला आहे ना, ते बघ. एकदा मी घाईत डावा कॅलिपर उजवीकडे लावला. निपल खाली गेला. हवा वरच अडकली आणि दुपारभर ब्रेकची हवा काढत बसलो, तरी पेडल मऊ ते मऊच. तुझ्या आजीने चहा आणला, वाकून बघितलं आणि विचारलं, "हवा तर वर चढते ना? मग हे खाली का?" आजही कॅलिपर हातात घेतला की मला तिचा तो प्रश्न ऐकू येतो.

शेवटी स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळव. चाक लटकतं ठेवून बघ, मग भार देऊन बघ. होज कुठेही ताणला जाता कामा नये आणि टायरला घासता कामा नये.

नव्याला मुरू दे

लोणचं घातल्या दिवशी कुणी वाढत नाही. पॅड आणि डिस्कचंही तसंच. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० वरून ३० पर्यंत वेग आण, मध्यम जोराने. असं आठ-दहा वेळा. मध्ये गाडी पूर्ण उभी करू नकोस. नंतर दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता चालव म्हणजे सगळं थंड होईल. तापलेला ब्रेक सिग्नलला दाबून धरलास तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि तिथून थरथर सुरू होते.

विमा कंपनीला बदल लेखी कळव. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरीही पैसे भरून रोलरवर ब्रेक तपासून घे. डावा-उजवा फरक तिथे आकड्यांत दिसतो. जुन्या डिस्क आणि कॅलिपर तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेव. तुझ्यानंतर ही गाडी ज्याच्याकडे जाईल, त्याला त्या लागतील.

आणि बोरघाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे ते विसरू नकोस. ज्या गिअरात घाट चढलो, त्याच गिअरात उतरायचं. डिस्क कितीही मोठी असली तरी उतारावर पहिलं काम इंजिनाचं.

आता शेवटचं. काम संपलं की लगेच गाडी बाहेर काढू नकोस. नवे पॅड डिस्कपासून लांब असतात, पहिलं पेडल थेट तळाला जातं. जागेवरच पेडल मारत राहा, कडक होईपर्यंत. मग पूर्ण जोराने दाबून एक मिनिट धरून ठेव. हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय.

पण ही पेडलची परीक्षा मी येईपर्यंत थांबव. ईस्टरच्या शनिवारी सकाळी मी येतो. तू आत बसून पेडल धर, मी टॉर्च घेऊन चारही चाकांपाशी वाकून येतो.

तुझा,
आजोबा